बारा बोरला नळी २६ इंची की ३२ इंची? कोकणातल्या शेतीसाठी वेगाचा हिशेब

शेतीसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना हातात पडला की वाडीत जो तो सल्ला द्यायला लागतो आणि त्यात एक ठरलेला, 'लांब नळीची घे, लांब मारते'. अर्धं खरंय. सांगणाऱ्याच्या आजोबांकडे ठासणीची (तोंडातून दारू-छर्रे ठासून भरायची) होती आणि ठासणीला ते लागू पडतंच, पण तुम्ही घेताय काडतुसाची.

नळीत असेपर्यंतच छऱ्यांना मागून गॅसचा रेटा मिळतो, तोंडातून बाहेर पडले की वेग वाढायचं संपलं, पुढे हवा फक्त अडवणार. म्हणून नळी लांब तर रेटा जास्त वेळ, एवढं बरोबर, पण तोवर मागे दाब उरला पाहिजे ना. ठासणीतली काळी दारू जळून वजनाने निम्म्याहून जास्त तर काजळी नि धूरच होतो, दाबही बेताचा, त्यामुळे तिथे लांब नळीचा फायदा होतो. काडतुसातली बिनधुराची दारू मात्र पहिल्या १८-२० इंचांतच बहुतेक काम उरकते.

आता आकडे बघा. बारा बोरचं (बोर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप) साधं काडतूस सेकंदाला १२०० फुटांच्या आसपास छर्रे फेकतं. २६ इंचाच्या पुढे दर इंचाला वाढतात ५, फार तर १० फूट. म्हणजे २६ आणि ३२ मधला फरक ३० ते ६० फूट, अडीच ते पाच टक्के. तीसेक फुटांचा फरक तर एकाच डब्यातल्या दोन काडतुसांतही पडतो, आणि कागदी काडतूस पावसाळ्यात ओल धरून फुगलं की ते चेंबरात, म्हणजे नळीच्या मागच्या काडतूस बसायच्या जागेत, जाईल की नाही इथूनच सुरुवात. पस्तीस मीटरवरच्या डुकराला हा फरक कळणार नाही हो.

मग लांबवर दाट मारा कोण करतं? चोक. नळीच्या तोंडाशी थोडी अरुंद केलेली जागा असते ती. ४० यार्डांवर ३० इंचांच्या वर्तुळात फुल चोकमधून साधारण ७० टक्के छर्रे पडतात, चोक नसलेल्या सरळ सिलिंडर नळीतून ४०. जुन्या लांब बंदुकांना बहुतेक फुल चोक असायचा आणि नाव झालं लांबीचं! दुकानात इंच विचारण्याआधी हे विचारा.

वेग बाजूला ठेवला की खरी निवड सोपी होते. काजूच्या बागेत, करवंदीच्या जाळीत किंवा माळ्यावर बसून राखण करणार असाल तर २६ घ्या, ३२ ची फांद्यांत अडकते आणि खांद्याला लागेपर्यंत जनावर गडग्यापलीकडे. उघड्या मळ्यात उलट, लांब नळीचं वजन पुढे असतं म्हणून पळत्या जनावरामागे ती एकसारखी फिरते, नेमही बरा धरता येतो. आखूड नळीचा एक त्रास सांगतो, आवाज कानाच्या जवळ होतो आणि रात्री तोंडाशी जाळ मोठा दिसतो, २६ ला ठीक पण २० इंची पंप ॲक्शनला (नळीखालची मूठ मागेपुढे ओढून काडतूस भरायची बंदूक) चांगलाच जाणवतो, काळोखात दोन मिनिटं समोरचं काही दिसत नाही. मला विचाराल तर बागायतवाल्याने २६, फार तर २८, आणि नुसती भातशेती असेल तरच ३०-३२.

रायफलीचं गणित वेगळं. तिथे दाब मोठा, .३०८ सारख्या बोरात इंचामागे २०-२५ फूट जातात, म्हणून चार इंच आखूड घेतली तर शंभरेक फुटांवर पाणी. .२२ मध्ये मात्र १६ ते १९ इंचांतच वेग भरतो, त्यापुढे गोळी घासून उलट मंदावू लागते. स्प्रिंगच्या एअरगनचंही तेच, हवेचा धक्का सुरुवातीलाच संपतो, लांब नळी फक्त रुबाबाला. (४.५ मिमी आणि २० ज्यूलच्या आतली असेल तर तिला परवाना लागत नाही, डुकरासाठी ती अर्थातच नाही.)

बंदुकीचा परवाना म्हणजे डुकराला मारायचा परवाना नव्हे, त्याला वनखात्याची वेगळी परवानगी लागते. वानर-माकडांवर तर झाडायचीच नाही. दोडामार्गातल्या हत्तींचं इथे काढूच नका.

लांब स्वस्तात मिळतेय, घेऊन कापू असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. परवान्याशिवाय नळी आखूड करणं आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ६ खाली गुन्हा आहे आणि तोंडाचा चोकही त्यासोबत जातो.

जुनी घेताना लांबीपेक्षा आतून बघा. बंदूक रिकामी आहे याची खात्री करून मोडा, म्हणजे बिजागरीतून उघडा, आणि नळी आभाळाकडे धरून मागून डोळा लावा. आत प्रकाशाची गोल कडी एकसारखी दिसली पाहिजेत. खाऱ्या हवेने तांबेऱ्याचे बारीक खड्डे पडलेले असतात ते चेंबरापुढच्या भागात आधी सापडतात, आणि तिथेच दाब सगळ्यात जास्त. कडं कुठे मोडलेलं किंवा फुगल्यासारखं दिसलं तर ती ३२ इंची फुकट दिली तरी नको.