फ्लायव्हील यूपीएस दीड वर्ष वापरून: मशीन झकास, पण थंडं असताना भरवशाचं नाही

बुटीबोरीला आमचं प्लास्टिक मोल्डिंगचं छोटं युनिट आहे, मेंटेनन्स माझ्याकडे. आधी बॅटरीवाला यूपीएस होता, पण नागपूरचा उन्हाळा माहीतच आहे, आणि २५ डिग्रीच्या वर दर १० डिग्रीला बॅटरीचं आयुष्य अर्ध्यावर येतं म्हणतात ते आम्ही खिशातून भरून शिकलो. दर दोन-अडीच वर्षांनी नवा बॅटरी बँक, मालक वैतागले. म्हणून फ्लायव्हील घेतला. कंपनीचं नाव घेत नाही, भांडण नाही करायचं.

आत लोखंडाचा जड रोटर, म्हणजे फिरतं चाक, व्हॅक्यूममध्ये (हवा काढून घेतलेल्या डब्यात) ७,००० आरपीएमच्या वर फिरत राहतो. लाईन गेली की तोच फिरता फिरता करंट देतो, फुल लोडवर आमच्याकडे साधारण १५ सेकंद. तेवढ्यात डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, चालू व्हायला पाहिजे. आणि आमच्या इकडे जास्त त्रास असतो तो डोळ्याची पापणी लवेपर्यंत लाईन झपकते त्याचा, ज्यात आधी मोटारी चालवणारे सगळे ड्राइव्ह ट्रिप होऊन बंद पडायचे. आता कळतच नाही. त्याचे पूर्ण मार्क.

आता जे विकणाऱ्यानं सांगितलं नाही ते. डीजीचा कंट्रोलर पहिल्या क्रँकला इंजिन नाही उचललं तर थांबून परत मारतो, असे तीन चान्स. बॅटरीवर १० मिनिटं हातात होती, तिसऱ्या चान्सला चालू झाला तरी चालायचं. इथं फक्त पहिला चान्स तुमचा, दुसऱ्यापर्यंत चाक थकलेलं असतं, कारण स्पीड अर्धा झाला की एनर्जी चौथाईच उरते.

जानेवारीत पहाटे साडेपाचला लाईन गेली, ९-१० डिग्री असेल, डीजीनं पहिला क्रँक खाल्ला आणि १५ सेकंदांत सगळं बंद. सहा मशीनच्या बॅरलमध्ये वितळलेलं प्लास्टिक थिजून घट्ट झालं, दुपारपर्यंत पोरं गरम करून काढून राहिले होते. मी इंजिनच्या ब्लॉकला हात लावला तर बर्फासारखा. इंजिन कोमट ठेवणाऱ्या जॅकेट हीटरची एमसीबी (स्विच) खाली! उन्हाळ्यात बिल वाचवायला कोणीतरी पाडली होती, आणि खरं सांगतो, तो कोणीतरी मीच होतो. आता रोज रात्री पाळी बदलताना ब्लॉकला हात लावायचा, कोमट लागलाच पाहिजे, असं रजिस्टरवर सही घेऊन करतो.

दुसरं दिवाळीचं. चार दिवस मेन पाडून गेलो, सोमवारी सकाळी ८ ला आलो आणि वाटलं स्टार्ट दाबला की झालं. कसलं काय बाप्पा! आधी व्हॅक्यूम पंप घर्रर्र करत बसला, कारण हवेत चाक फिरवलं तर घासून तापतं आणि कंट्रोलर फिरूच देत नाही. मग हळूहळू स्पीड वाढवतो, स्क्रीनवर आकडा मुंगीच्या चालीनं चढतो, तोवर सगळं बायपासवर, म्हणजे यूपीएसला वगळून थेट लाईनवर, बिनछत्रीचं. आम्हाला अडीच तास लागले, तितक्या वेळात मी दोन प्लेट तर्री पोहे खाल्ले. त्यामुळे आता सुट्टीत सप्लाय चालूच ठेवतो, नाहीच जमलं तर एक माणूस पहाटे ५ ला पाठवतो, लोड मात्र चाक पूर्ण स्पीडला आल्यावरच.

सर्व्हिसवाले पोरगे चांगले आहेत, फोन उचलतात. पण पंपाचं तेल इथं मिळालं नाही, १२ दिवस लागले, ते आधीच मागवून ठेवा. आणि बॅटरी नाही म्हणून एसी नको असं समजू नका, मशीनची लिमिट ४० डिग्री आणि मे महिन्यात आमची पॅनल रूम सहज त्याच्या वर जाते, तिथं दीड टनाचा एसी आहेच.

५ पैकी ४. एक स्टार कापला तो वॉर्म-अपची, म्हणजे चाक स्पीडला यायला वेळ लागतो ही, एक ओळ मॅन्युअलमध्ये पान ६० च्या पुढं लपवल्याबद्दल.