विश्वास की कृती : पौल आणि याकोब

माणूस देवापुढे नीतिमान कशाने ठरतो, या प्रश्नावर बायबलच्या नव्या करारातील दोन पत्रलेखक वेगळे बोलतात. प्रेषित पौल रोमकरांस पत्रात (3:28) नियमशास्त्रातील, म्हणजे मोशेच्या यहुदी धर्मनियमांतील, कर्मांवाचून, विश्वासाने, असे सांगतो. याकोब मात्र आपल्या पत्रात (2:24) केवळ विश्वासाने नव्हे, तर कृतींनी, असे बजावतो. गंमत म्हणजे दोघेही साक्षीला यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहामच आणतात. पौलाचा भर उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या 15व्या अध्यायावर, म्हणजे अब्राहामाच्या सुंतेपूर्वीच्या विश्वासावर आहे, याकोबाचा 22व्या अध्यायातील, अब्राहामाने केलेल्या आपल्या मुलाच्या, इसहाकाच्या अर्पणावर. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1522 मध्ये याकोबाच्या पत्राला गवताचे, म्हणजे हलके, पत्र म्हटले, हे मला घाईचे वाटते, कारण पौलासमोर नियमशास्त्रावर विसंबणारे आहेत, तर याकोबासमोर उघड्या-उपाशी बंधूला कोरड्या शब्दांनी निरोप देणारे. शिवाय प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास, हे शब्द पौलाचेच आहेत (गलती 5:6).