एक्झोसोम वेगळे करायचे: अल्ट्रासेंट्रिफ्यूज, कॉलम की पीईजी?

निदानासाठी एक्झोसोम (पेशी बाहेर सोडतात त्या सूक्ष्म पुटिका, म्हणजे पिशव्या) हवे असतील तर आधी नमुना बघा, मग पद्धत ठरवा. प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) असेल तर आमचं मत सरळ कॉलमच्या, म्हणजे कणांना मापानुसार वेगळं करणाऱ्या जेलच्या नळीच्या, बाजूने. लघवी भरपूर असेल तर अल्ट्रासेंट्रिफ्यूज (अतिवेगाने फिरवून कण तळाला बसवणारं यंत्र).

प्लाझ्माची अडचण लायपोप्रोटीनची, म्हणजे रक्तात चरबी वाहणाऱ्या कणांची. ३० ते १५० नॅनोमीटरच्या पुटिकांपेक्षा हे कण कितीतरी पट जास्त, आणि त्यातले काही त्याच मापाचे. प्लाझ्मा दुधाळ दिसला, तर बहुधा रुग्ण जेवून आला आहे; उपाशीपोटी पुन्हा नमुना घ्या. सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) टाळाच, कारण रक्त गोठताना प्लेटलेट स्वतःच्या पुटिका त्यात सोडतात. हेपरिनची नळीही नको, पीसीआर (जनुकीय द्रव्याच्या प्रती वाढवणारी चाचणी) अडतो. सायट्रेट या गोठणरोधकात रक्त घ्या, २,५०० जीला (जी म्हणजे गुरुत्वाच्या किती पट बल) १५ मिनिटं असं दोनदा फिरवा आणि मगच उणे ८० अंशाला ठेवा. प्लेटलेट राहिल्या तर गोठवल्यावर फुटतात आणि त्यांचे तुकडेही मोजणीत येतात.

सेफारोज सीएल-२बीच्या १० मिलीच्या कॉलमवर अर्धा मिली प्लाझ्मा सोडा आणि अर्ध्या-अर्ध्या मिलीचे अंश (खाली येणाऱ्या द्रवाचे वेगवेगळे भाग) धरा. पहिले साधारण ३ मिली सोडून द्यायचे. पुढच्या तीन-चार अंशांत पुटिका, अल्ब्युमिन (प्लाझ्मातलं मुख्य प्रथिन) त्यामागून. जेल कोरडं पडलं की हवा शिरते आणि सगळे अंश बिघडतात. मोठे लायपोप्रोटीन मात्र इथेही सोबत येतात.

अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये ३००, २,००० आणि १०,००० जीच्या फेऱ्यांनंतर १,००,००० जीला किमान ७० मिनिटं. तळाचा साका बहुतेकदा दिसतच नाही. नळी रोटरमध्ये ठेवतानाच तो जिथे बसणार तिथे बाहेरून मार्करने खूण करा, नाहीतर वरचं पाणी ओतताना पुटिकाही जातील. लघवीत युरोमोड्युलिन या प्रथिनाचे धागे पुटिकांना अडकवतात आणि त्या कमी वेगाच्या फेरीतच खाली बसतात. डीटीटीने (प्रथिनांतले गंधकाचे बंध तोडणाऱ्या रसायनाने) धागे सुटतात, पण पृष्ठभागावरची प्रथिनंही बिघडू शकतात. पुढे अँटिबॉडी वापरायची असेल तर जपून.

पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल, कण साक्यात आणणारं रसायन) घालून रात्रभर ४ अंशाला ठेवलं की साधा सेंट्रिफ्यूजही पुरतो, म्हणून मोह होतो. पण प्रथिनं, लायपोप्रोटीन सगळंच खाली येतं. मायक्रोआरएनएसाठीही (जनुकांवर नियंत्रण ठेवणाऱ्या छोट्या आरएनएसाठी) भरवसा कमी, कारण पुटिकांबाहेर आर्गोनॉट प्रथिनाला चिकटलेला मायक्रोआरएनएही त्यात येतो.

कोणतीही पद्धत घ्या, सीडी६३ आणि सीडी८१ (पुटिकांच्या ओळखीची प्रथिनं) सोबत एपोबी (लायपोप्रोटीनचं प्रथिन) आणि अल्ब्युमिनही त्याच नमुन्यात तपासा. कण मोजणाऱ्या यंत्राला पुटिका आणि लायपोप्रोटीन यांतला फरक कळत नाही.