बारा ट्यूबचा ऑइल कलर सेट: दोन सेमिस्टर वापरल्यावर

परवा पांढऱ्याच्या ट्यूबची मान फाटली. झाकण जागचं हललं नाही, ट्यूबच पिळवटली, गळ्याशी चिरली आणि उरलेला रंग पप्पांच्या पकडीला लागला. म्हणून शेवटी लिहायला बसले. कंपनीचं नाव लिहीत नाही. विद्यार्थ्यांसाठीचा, 9 मिलीच्या बारा ट्यूबचा, पुठ्ठ्याच्या खोक्यातला सेट आहे. आर्टला असाल तर ओळखलाच असेल, आमच्या वर्गात निम्म्यांकडे तोच आहे.

आधी रंगांबद्दल सांगून टाकते, म्हणजे झाकणाबद्दल मोकळेपणी बोलता येईल. यलो ऑकर, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन, या तिघांना नावं ठेवायला जागा नाही. लाल-पिवळ्यांवर बारीक अक्षरात ‘ह्यू’ लिहिलेलं असतं, म्हणजे आत खरं कॅडमियम (महागडं रंगद्रव्य) नाही, त्याच्या जवळची छटा आहे. या किमतीत खरं कॅडमियम मिळणारही नाही, त्यामुळे तक्रार नाही. क्रिम्सन देखणा, पण लवकर वाळायचं नाव नाही. बर्न्ट अंबर मात्र भराभर वाळतो, त्यात मँगनीज असतं. खालचा थर अंबरने मांडा असं सर का सांगतात ते सबमिशनच्या आठवड्यात नीट कळतं.

आता पांढरा. 9 मिली म्हणजे दोन चहाचे चमचेसुद्धा भरत नाहीत. बाकीच्या रंगांना तेवढं पुरतं. पण आमची पहिलीच असाइनमेंट स्टिल लाइफची होती. भांडी बाजारातून आणलेला तांब्या, पितळी समई, दोन वांगी आणि मागे पांढरं धोतर. सरांनी धोतराला चुण्या पाडल्या, आणि त्या चुण्यांनी माझी पांढऱ्याची ट्यूब जवळजवळ संपवली. ऑइलमध्ये जवळपास प्रत्येक मिश्रणात पांढरा जातो हे रंग बनवणाऱ्याला माहीत नसेल? पण बारा ट्यूब एका मापाच्या असल्या की खोका नीटनेटका दिसतो. तिथे आमच्या खिशाचा विचार कोण करतो.

त्यात हा पांढरा झिंक. ट्यूबच्या मागे रंगद्रव्याचा कोड ‘पीडब्ल्यू 4’ छापलाय, तो झिंक. ‘पीडब्ल्यू 6’ असेल तर टायटॅनियम. झिंक झाकत नाही, खालचं सगळं दिसत राहतं. धोतर करताना मी वैतागून म्हटलं होतं की हा पांढरा नाही, दूध-पाणी आहे.

दिवाळीनंतर मत जरा बदललं. तांब्याच्या अंगावरची चमक टायटॅनियमने केली की ती खडूसारखी अंगावर येते. झिंकचा पातळ हात दिला तर खालचा तांबूस रंग जिवंत राहतो. ग्लेझिंगच्या, म्हणजे पातळ पारदर्शक थर चढवायच्या, असाइनमेंटला तर मी झिंकच शोधत होते. पण खालच्या थरात तो वापरू नका. झिंकचा ऑइलमधला थर पुढे कडक आणि ठिसूळ होतो, वरच्या थरांना भेगा पडू शकतात. म्हणून खाली टायटॅनियम, आणि तो वेगळा, मोठ्या ट्यूबमध्ये घ्यायचा. सेटच्या किमतीत हा खर्च आधीच धरा.

वाळण्याबद्दलही असंच झालं. नाशिकच्या पोरांचा हात जलरंगावर बसलेला असतो. इथलेच चित्रकार शिवाजी तुपे यांची निसर्गचित्रं बघत आणि घाटावर बसून स्केच करत आम्ही इथवर आलो. अर्ध्या तासात चित्र फाइलमध्ये, ही सवय. जुलैत ऑइलला बसलो, बाहेर गोदावरीचं पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला, आणि कॅनव्हास आठवडा उलटला तरी बोटाला चिकटतोय. दमट, गार, अंधारी हवा असली की तेल आणखी रेंगाळतं. तेव्हा सेटला खूप शिव्या दिल्या. थंडीत हेड स्टडी, म्हणजे समोरच्या माणसाचा चेहरा रंगवायची असाइनमेंट, आली. मॉडेल म्हणून बसलेल्या काकांचा गाल सकाळी लावला, तो दुसऱ्या दिवशीही ओला होता, आणि कपाळाची छटा त्यात हळूच मिसळता आली. जलरंगात हे सुख नाही. ही तक्रार मागे घेतली.

झाकणाची मागे घेणार नाही.

ऑइल कलर पाणी उडून वाळत नाही. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेतं आणि घट्ट होतं. झाकणाच्या आट्यांत उरलेला रंगही तेच करतो, आणि एकदा तो घट्ट झाला की टर्पेंटाइनलाही दाद देत नाही. या सेटची झाकणं इवलीशी, गुळगुळीत, बोटांना पकडच नाही. पप्पा अंबडला लेथवर काम करतात. त्यांनी झाकण हातात घेतलं आणि म्हणाले, “अगं, हे आटे आहेत का? दीड फेऱ्यात संपतात.” मग, “लावताना पुसून लावायचं.” पप्पा, एका हातात पॅलेट, दुसऱ्यात ब्रश. आटे कुठल्या हाताने पुसू?

1841 साली जॉन गॉफ रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी चित्रकार डुकराच्या मूत्राशयात रंग बांधून ठेवायचे, टाचणीने भोक पाडून पिळायचे. पावणेदोनशेहून जास्त वर्षं होऊन गेली, आणि मी सिडकोतल्या स्वयंपाकघरात टाचणीनेच भोक पाडून रंग काढतेय.

उपाय सांगते. झाकण गरम पाण्यात धरा, बरेचदा सुटतं. वर्गात काही जण लायटर लावतात, शेजारी टर्पची वाटी उघडी असताना! ते करू नका. सगळ्यात चांगला उपाय आजीचा निघाला. आट्यांना खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. जवसासारखं खोबरेल वाळून घट्ट होत नाही, थंडीत थिजलं तरी झाकण धरत नाही. फक्त ते रंगात जाऊ देऊ नका, तो थर कधीच वाळणार नाही.

पहिल्यांदा झाकण अडकलं तेव्हाच दुकानदाराकडे गेले होते, तर, “ताई, उघडलेली ट्यूब परत नाही.” कंपनीला मेल केला. उत्तर आलं की बॅच नंबरचा फोटो पाठवा. बॅच नंबर कुठे, तर ट्यूबच्या शेपटीच्या दुमडीवर, जिथून सगळं जग ट्यूब गुंडाळत आणतं. शेपूट उलगडली, फोटो पाठवला. उत्तर नाही, उत्तर नाही, आणि एक दिवस कुरिअरने नवी पांढरी ट्यूब घरी. पैसे न घेता, दिलगिरीच्या चिठ्ठीसकट. खरंच बरं वाटलं. झाकण तेच.

जाता जाता, तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल घट्ट होताना तापतं, बोळा आपोआप पेटू शकतो. आई त्या मोकळ्या पसरून वाळवते किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवते.

पहिल्या वर्षाच्या मुलांनो, पाचपैकी तीन. सेट घ्या, कारण सुटे बारा रंग घ्यायला गेलात तर जास्त पैसे जातात. सोबत टायटॅनियमची मोठी ट्यूब घ्या. माझ्याकडची व्हिरिडियनची हिरवी ट्यूब अजून अख्खी आहे, वर्षभरात तिचं काम पडलं नाही. बर्न्ट अंबरच्या बदल्यात कोणाला हवी असेल तर सांगा, कॉलेज रोडपर्यंत आणून देईन.