पीएच-ईसी पेन: रोपवाटिकेत आठ महिने वापरल्यानंतर

नारायणगाव पट्ट्यात आमची भाजीपाल्याची रोपवाटिका आहे. शेडनेट पंधरा गुंठे. उन्हाळी टोमॅटोच्या हंगामात बाकी सगळं बाजूला पडतं. हा पेन जानेवारीच्या शेवटी घेतला, साडेतीन हजाराला. पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी), ईसी (पाण्यात विरघळलेले क्षार किती) आणि तापमान एकाच पेनात दाखवतो. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या किमतीतले बहुतेक पेन एकाच धाटणीचे असतात, गुणही तेच आणि दुखणीही तीच.

घेतला तो भांडणातून. आदल्या उन्हाळ्यात मर रोगाने ट्रेच्या ट्रे बसले. दहा-बारा दिवसांची रोपं, मानेजवळ पाणी सुटल्यासारखी होऊन आडवी. कॅप्टन या बुरशीनाशकाची आळवणी केली, म्हणजे ते पाण्यात कालवून मुळाशी ओतलं, चार दिवसांनी परत केली, फरक शून्य. औषध डुप्लिकेट आहे म्हणून मी दुकानात जाऊन आवाज चढवला. दुकानदार म्हणाला, "शेठ, औषध कालवता ते पाणी कधी मोजलंय का?" त्याच्याकडच्या पेनने माझ्या बाटलीतलं बोअरचं पाणी मोजलं. पीएच ८.१, ईसी १.२. मी गप्प झालो.

कॅप्टनला अल्कधर्मी पाणी अजिबात सोसत नाही. सातच्या पाण्यात त्याची निम्मी ताकद संपायला साधारण आठ तास लागतात, आठच्या पाण्यात दहा मिनिटं पुरतात. आम्ही सकाळी दोनशे लिटरचा ड्रम कालवायचो आणि दुपारी चहा झाल्यावर उरलेला वापरायचो. म्हणजे दुपारनंतर रोपांना नुसतं पांढरं पाणीच घालत होतो.

पेन आल्यावर आधी हेच करून बघितलं. एकाच लॉटचे वीस ट्रे नेहमीच्या पाण्याने, वीस ट्रे पीएच ६ वर आणलेल्या पाण्याने, औषध तेच आणि मात्राही तीच. पहिल्या विसात सहा ट्रे खराब झाले, दुसऱ्या विसात एक. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे, पण माझ्यापुरता निकाल लागला. एक सावधगिरी सांगून ठेवतो: हाच नियम कॉपर ऑक्सिक्लोराइडला लावू नका. आम्लधर्मी पाण्यात तांबं जास्त विरघळतं आणि कोवळ्या पानांवर चट्टे उठतात. ते आम्ही साध्या पाण्यातच कालवतो.

आता पाण्याचा पीएच उतरवण्याबद्दल, कारण पेनची खरी मर्यादा इथेच कळली. सुरुवातीला मी टाकीत फॉस्फोरिक ॲसिड अंदाजाने ओतत होतो आणि पेन बुडवून बघत होतो. आकडा साडेसहाच्या आसपास येऊन अडकायचा. थोडं टाकलं, हलत नाही. आणखी टाकलं, तरी जरासाच. मग एकदम चारवर. दोन वेळा अख्खी टाकी सोडून द्यावी लागली. नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात पाणी तपासलं तेव्हा उलगडा झाला: बायकार्बोनेट लिटरला ३६६ मिलिग्रॅम. पीएच म्हणजे पाणी आत्ता कुठे उभं आहे ते, आणि बायकार्बोनेट म्हणजे ते तिथून हलायला किती हट्ट करणार ते. हा हट्ट पेन दाखवत नाही, दहा हजाराचा घेतला तरी नाही.

हिशोब मात्र सोपा आहे. ३६६ ला ६१ ने भागा, ६ येतात. त्यातला १ पाण्यात राहू द्यायचा, ५ मारायचे. ८५ टक्क्यांचं फॉस्फोरिक असेल तर हजार लिटरला प्रत्येक एकामागे सुमारे ६८ मिली, म्हणजे ३४० मिली. हे करून मी खूश होतो, पण तीन आठवड्यांनी रोपं लांबट आणि पातळ काड्यांची निघाली. एक गिऱ्हाईक म्हणालं, "दादा, ही रोपं आहेत का अगरबत्त्या?" तेवढ्या ॲसिडमधून दीडशे पीपीएमच्या वर नुसता स्फुरद जात होता, आणि वरून खतातला वेगळा. आता ६० टक्क्यांचं नायट्रिक वापरतो, हजार लिटरला सुमारे ३८५ मिली. त्यातून येणारं ७० पीपीएम नत्र खताच्या मात्रेतून वजा करतो. नायट्रिक मात्र खेळायची वस्तू नाही. चष्मा, रबरी हातमोजे, आणि ॲसिड पाण्यात टाकायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. कामावरच्या मावशींच्या हातात मी तो कॅन देत नाही. टाकी ढवळल्यावर तासाभराने परत मोजायचं, कारण विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून गेला की पीएच थोडा वर चढतो.

ईसीचा उपयोग मला पीएचपेक्षा जास्त झाला, हे अनपेक्षित होतं. मार्चमध्ये कोकोपीटच्या (ट्रेत मातीऐवजी भरायचा नारळाच्या काथ्याचा भुसा) विटांचा नवा लॉट आला. भिजवून मूठभर पिळलं, पाणी मोजलं तर ३.१! आधीच्या वर्षी असाच लॉट न धुता भरला असणार. पानांच्या कडा जळाल्या होत्या, तो करपा समजून मी मँकोझेबच्या दोन फवारण्या केल्या होत्या. मिठाला बुरशीनाशक काय करणार? यंदा तीन वेळा धुतलं, ०.६ वर आलं, शेवटी कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर ठेवलं. लॉट भरण्याआधी पिळून मोजणं हे आता आमच्याकडे ठरूनच गेलंय.

शेततळ्याचं पाणी मोजताना एक गंमत दिसली. सकाळी सहाला पीएच ७.९, त्याच जागी दुपारी तीनला ८.८. पेन बिघडला म्हणून मी बटण दाबत बसलो. पेन ठीक होता. शेवाळ दिवसभर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातं आणि पीएच चढतो. तेव्हापासून शेततळ्याचं पाणी सकाळीच टाकीत भरून ठेवतो. कालव्याचं आवर्तन आलं की ईसी ०.३ पर्यंत खाली येतो, तेव्हा मापाने ओतलेलं ॲसिड जास्त होतं. आवर्तनाच्या काळात रोज मोजल्याशिवाय एक थेंब टाकत नाही.

आता तक्रारी. जुलैत पाच-सहा दिवस पेन टोपी न लावता राहिला आणि काचेचा गोळा कोरडा पडला. नंतर आकडे छान दिसत होते, ६.१, ६.०, मीही निर्धास्त. ढोबळी मिरचीच्या कोवळ्या पानांवर पिवळेपणा आला, शिरा तेवढ्या हिरव्या, म्हणजे लोहाची कमतरता. खतातून ईडीटीएच्या रूपात दिलेलं लोह साडेसहाच्या वरच्या पीएचला टिकाव धरत नाही, ते मला माहीत होतं, पण पेन तर सहा म्हणतोय! पाणी केंद्रात नेलं तर ७.१ निघालं. पूर्ण एक अंकाने खोटं बोलत होता. तीन आठवड्यांची मिरची त्यात गेली. दोष निम्मा माझा, पण आकडा चुकतोय याची कसलीही खूण पेन देत नाही, हाही दोषच. टोपीत पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण हवं, फिल्टरचं पाणी नाही. आठवड्यातून एकदा ७ आणि ४ च्या बफरमध्ये, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणात, जुळवायचा, ईसीला १.४१३ चं द्रावण. बफरच्या पुड्यांचा खर्च दुकानात कोणी सांगत नाही. शिवाय बॅटरीच्या झाकणातली रबरी रिंग सैल झाली आणि पावसात आत ओल गेली. जलरोधक वगैरे डब्यावर छापलेलं असतं तेवढंच.

पांढरी माशी, फुलकिडे यांच्यापुढे पेनचं काही चालत नाही, हे सांगायला नको. त्यांच्यामुळे पसरणारा, पानं आकसवणारा चुरडा-मुरडा आवरला तो ४० मेशच्या जाळीने, दुहेरी दाराने आणि पिवळ्या-निळ्या चिकट सापळ्यांनी. काळी चिलटं कमी झाली ती जमिनीवरचं शेवाळ खरवडल्यावर आणि संध्याकाळचं पाणी बंद केल्यावर.

पुढचा पेन घेताना प्रोब (मोजणारं टोक) सुटा बदलता येतो का, हे आधी विचारणार. याचा येत नाही. दोन वर्षं चालला तरी समाधान मानेन. परवा शेजारचा गुलाबवाला दोन दिवसांसाठी मागून घेऊन गेला. बफरच्या पुड्या बरोबर दिल्या, टोपीचं चार वेळा सांगितलं. पेन परत आला, टोपी लावलेली होती, आतलं द्रावण ओतून धुऊन-पुसून कोरडी केलेली.