समुपदेशक शोधण्याआधी खोली शोधा

शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक पात्र समुपदेशक, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या डोंगरी भागातल्या मराठी शाळा बहुधा दुसऱ्या गटात मोडतात. शाळा सुधारणा समितीनं ठराव करण्याआधी मुलांच्या मनाची काळजी शाळेत कशी घेतात, याचे तीन देशांचे नमुने पाहावेत.

कायद्यानं सगळ्यात पक्का फिनलंडचा. मुलानं मागितलं की ७ कामकाजाच्या दिवसांत मानसशास्त्रज्ञाची किंवा शाळेच्या समाजकार्यकर्त्याची भेट, तातडीचं असेल तर त्याच किंवा पुढच्या कामकाजाच्या दिवशी. मात्र त्यासाठी ७८० मुलांमागं एक मानसशास्त्रज्ञ लागतो. आपल्याकडं तेवढी माणसं कुठून आणणार?

इंग्लंडमध्ये साधारण ८,००० मुलांमागं मानसिक आरोग्याचं एक पथक असतं. वर्षभर प्रशिक्षण घेतलेले लोक सौम्य चिंता आणि उदासीसाठी ६ ते ८ बैठका घेतात. तालुक्याला असं एक पथक जमण्यासारखं आहे.

पण दोन्हीकडं घोडं एकाच जागी अडतं. शिपाई वर्गाच्या दारात येऊन म्हणतो, "तुला कौन्सिलरनी बोलावलंय." चाळीस माना वळतात आणि संध्याकाळपर्यंत गावाला कळतं. पुढच्या खेपेला मूल उठतच नाही.

जपाननं ही गोष्ट आधीच सोडवलीय. तिथल्या शाळेत आरोग्यखोली असते आणि ती सांभाळणारी 'योगो' शिक्षिका. पोट दुखतंय म्हणून कुणीही जावं, खाटेवर पडावं. बोलणं मागाहून निघतं. समुपदेशक तिथंही बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एखाद दिवसच येतो, बाई मात्र रोज असतात. शिवाय त्या वर्गशिक्षिका नसतात. आपल्याकडं आरोग्यदूत म्हणून नेमलेले सर गणिताचे गुणही देतात, त्यांच्यापुढं कोण मोकळं होईल?

बाई मानसोपचार करत नाहीत, हे उणं आहेच. तरी सीमाभागात माझा कौल तिकडंच झुकतो. स्टाफरूममधून दार न दिसणारी खोली, खाट, पडदा, थर्मामीटर आणि गुण न देणारी, मराठी बोलणारी बाई एवढ्यावर सुरुवात होते. "जीव नको झालाय" हे मूल कंटाळून म्हणतंय की खरंच, हे कन्नडमधून विचारणाऱ्याला चटकन उमगत नाही. नोंदवहीत वेळ आणि 'पोटदुखी' एवढंच लिहावं, बोललेलं नाही. महिन्यात तेच मूल तिसऱ्यांदा आलं तर त्याला जिल्हा रुग्णालयात किंवा धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत पाठवावं. जिवाचं काही बरंवाईट करायची भाषा निघाली तर मात्र गुपित ठेवायचं नाही: मुलाला एकटं न सोडता तिथूनच १४४१६ हा टेली-मानसचा मदत क्रमांक लावायचा आणि आईवडिलांना बोलावून घ्यायचं.