क्रोशाचा ऑनलाइन संच: होळीपासून कापूस वेचणीपर्यंत वापरून

भाचीनं परवा एक लिंक पाठवली. "मावशी, तू घेतला होता तो हाच होय ना? घेऊ काय?" उघडून पाहिलं तर तोच संच. तीच सुयांची घडीची पिशवी, तेच रंगीत गोळे आणि वेष्टनावर तेच ठळक अक्षरात "१०० टक्के कॉटन". मी त्या विक्रेत्याशी इतकं भांडले, तरी ते तीन शब्द त्यांनी हलवले नाहीत. म्हणून सगळं लिहून काढते आहे.

सुयांबद्दल माझी काही तक्रार नाही. अॅल्युमिनियमच्या आहेत, टोक गुळगुळीत आहे, रबरी मुठीमुळे बोट दुखत नाही. मी दिवसभर ब्लाऊज शिवते, रात्री बोटं आखडलेली असतात, तरी या सुया हातात सुखावतात. मिलिमीटरचे आकडे मुठीवर कोरलेले आहेत हे चांगलं, कारण जुन्या इंग्रजी क्रमांकात आकडा वाढला की सुई बारीक होते आणि नवशिक्याचा तिथंच घोळ होतो. खरं सांगायचं तर घरच्या वस्तूंना ४ मिलिमीटरची एक सुई पुरते. ३.५ आणि ८ अधूनमधून लागतात. बाकीच्या पिशवीतच आहेत. संचातल्या कागदावरचे नमुने अमेरिकन पद्धतीचे आहेत. त्यांचा सिंगल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब (बुटका, घट्ट टाका), आणि त्यालाच ब्रिटिश नमुन्यात डबल क्रोशे म्हणतात. व्हिडिओ बघून विणत असाल तर तो कुठल्या पद्धतीचा आहे हे आधी पाहा, नाहीतर वस्तू दुप्पट उंच होते.

आता धागा. माझं सगळं भांडण धाग्याशी आहे.

होळीच्या सुमारास संच आला. पहिल्यांदा तव्याची पकड, म्हणजे गरम भांडं धरायचा जाड चौकोन, विणली, कारण स्वयंपाकघरात रोज लागते आणि दोन रात्रीत होते. दिसायला सुंदर झाली, पिवळ्यावर हिरवी कड. भाकरीचा तवा उतरवताना त्या पकडीनं धरला आणि धागा तव्याच्या कडेला चिकटला. ओढला तर तार निघाली. सासूबाई ओसरीवरून ओरडल्या, "काय जयून रायलं वं? पन्नीचा वास येऊन रायला!" त्यांचं नाक बरोबर होतं. सूत जळालं तर कागद जळाल्यासारखा वास येतो. हा वास प्लास्टिकचा होता.

मग मी प्रत्येक रंगाचा वीतभर धागा तोडून अंगणात चिमट्यात धरून जाळला. ही परीक्षा कुणालाही करता येते आणि धागा घेतल्या दिवशीच करावी. खरं सूत सरळ जळतं, मागे करडी राख राहते, चिमटीत घेतली की भुगा होतो. अॅक्रेलिक आधी आकसतं, वितळतं, काळा धूर सोडतं आणि टोकाला काळी कडक गाठ उरते, नखानं फुटत नाही. आठही रंगांना गाठ आली. त्यातल्या दोन गोळ्यांना थोडी राखही दिसली, म्हणजे मिश्रण असावं. पण शंभर टक्के सूत त्यात एकही नव्हतं. तापलेला तवा २०० अंशांच्या वर सहज जातो, आणि अॅक्रेलिक त्याच्याच आसपास मऊ पडायला लागतं. वितळलेलं अॅक्रेलिक कातडीला चिकटून भाजतं, झटकून निघत नाही. नवशिक्या बायका आणि शाळकरी मुली या संचातून पहिली वस्तू म्हणून पकडच विणतात, कागदावर पहिला नमुनाही तिचाच आहे. म्हणून मला राग आहे. रंग उतरला असता, गोळ्यात गाठी निघाल्या असत्या, तर मी एक ओळ लिहून सोडून दिलं असतं.

विक्रेत्याला जाळलेल्या धाग्याचा व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, "मॅडम, हे मिल्क कॉटन आहे, तेही कॉटनच असतं." मिल्क कॉटन म्हणजे सहसा अॅक्रेलिक मिसळलेला मऊ धागा. मी लिहिलं, मग ते वितळलं कसं? उत्तर आलं, परत करण्याची मुदत सात दिवसांची होती, ती संपली. त्यानंतर पुढच्या खरेदीवर सूट देतो म्हणाले. मला पुढची खरेदी करायचीच नव्हती. शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन केला. वेष्टनाचा फोटो, बिल आणि व्हिडिओ तिन्ही जपून ठेवलं होतं, त्याचा उपयोग झाला. काही आठवड्यांनी पैसे खात्यात आले. पैसे आले याचं समाधान आहे, पण लेबल तेच राहिलं.

मग खऱ्या सुताचा शोध सुरू झाला, आणि तिथं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातलं. दाराबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना पऱ्हाटी. दिवाळीनंतर घरात माणसांना झोपायला जागा नसते इतका कापूस. आणि राळेगावच्या बाजारात जाड सुती दोरा मागितला तर दुकानदार म्हणतो, "ताई, लोकर पायजे तेवढी नेजा. सुती ठेवत नाही जी, कोणी मागतच नाही." लोकर म्हणजे तेच अॅक्रेलिक. यवतमाळला अँकरच्या बारीक दोऱ्याच्या गुंड्या मिळाल्या, पण तो दोरा रुमालाचा, लेसचा. क्रमांक जितका मोठा तितका दोरा बारीक, आणि वीस नंबरच्या दोऱ्यानं पकड विणायला बसलं तर पावसाळा लागेल. बऱ्याच फिरण्यानंतर तिथल्याच एका जुन्या दुकानात जाड सूत मिळालं, १०० ग्रॅमला १३० रुपये. आतल्या चिठ्ठीवर तमिळनाडूच्या सूतगिरणीचा पत्ता.

घरी येऊन हिशेब केला. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव ठरला, म्हणजे किलोला ८१ रुपये, आणि तो सगळ्यांच्या हाती पडतोच असं नाही. सरकी काढल्यावर कापसात रुई साधारण एक तृतीयांश निघते. म्हणजे १०० ग्रॅम दोऱ्याला ३०० ग्रॅम कापूस, म्हणजे शेतकऱ्याला २४ रुपये. कताई, पीळ, रंग, वाहतूक, दुकानाचं भाडं, सगळ्याला खर्च येतो हे मला कळतं. तरी मधले शंभरावर रुपये जिल्ह्याबाहेर जातात याचं दुःख होतं. नागपूरला एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली होती, हिंगणघाट-पुलगावलाही गिरण्या होत्या. वर्ध्याजवळ सेवाग्रामला गांधीजी १९३६ पासून राहिले आणि तिथं घरोघर सूत कातलं गेलं. त्याच टापूत आज मला पकडीपुरता दोरा मिळवायला एसटीनं तालुके पालथे घालावे लागतात.

असो. सुताची पकड मात्र अप्रतिम झाली. नमुना सांगते, कारण तो फार सोपा आहे आणि दुहेरी जाडीचा असल्यानं बोट भाजत नाही. ४ मिलिमीटरच्या सुईनं ४५ च्या आसपास साखळ्या घ्यायच्या, साधारण २२ सेंटीमीटर होतात. साखळीच्या एका बाजूनं मुके खांब विणत जायचे आणि टोकाला पोचलं की पलटून दुसऱ्या बाजूनं यायचं. मग असंच गोल गोल, कुठेही टाका न वाढवता. आपोआप एक पिशवी तयार होते. ती साखळीच्या निम्म्या उंचीची झाली की तोंडाच्या कडा आडव्या न जुळवता तिरक्या जुळवून शिवायच्या. चौकोन होतो, बाजू १६ सेंटीमीटर. साखळी हा त्या चौकोनाचा कर्ण असतो, त्यामुळे मोठी पकड हवी असेल तर साखळ्याच जास्त घ्यायच्या. उंच खांब वापरू नका, त्यात भोकं राहतात आणि वाफ थेट बोटाला लागते. आणि पकड ओली असताना गरम गंज (पातेलं) कधीही धरू नका, ओल्या सुतातून चटका लगेच येतो. उन्हाळ्यापासून रोज वापरून कड थोडी करपली आहे, पण एक टाका सुटला नाही.

खरा आनंद दिला तो बाटलीच्या झोळीनं. वैशाखात आमच्याकडे पारा ४४-४५ ला जातो. शेतात नेलेलं पाणी दहा वाजताच कोमट होतं. जुनी माणसं ओलं पोतं गुंडाळायची. मी उरलेल्या सुताची झोळी विणली. तळ गोल: सहा मुक्या खांबांनी सुरुवात, प्रत्येक फेरीत सहा वाढवायचे, सातव्या फेरीला ४२ होतात आणि लिटरच्या बाटलीचा सात सेंटीमीटरचा बूड झाकतो. मग न वाढवता घट्ट अर्ध्या खांबांनी (मुक्या खांबाहून थोडा उंच टाका) गळ्यापर्यंत, वर लांब पट्टा. झोळी पाण्यात बुडवायची, पिळायची, बाटली घालायची आणि सावलीत वारा लागेल अशी टांगायची. हे दुपारी घरी आले तेव्हा म्हणाले, "हे पाणी फ्रिजचं होय काय?" फ्रिजचं नव्हतं. आपला कूलर ज्या कारणानं गार वारा देतो त्याच कारणानं बाटली गार होते: कोरड्या हवेत पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. साध्या स्टीलच्या किंवा प्लास्टिकच्या बाटलीला हे चालतं. थर्मासला काही फरक पडत नाही, कारण त्याच्या भिंतीतून उष्णता जवळजवळ जातच नाही. अॅक्रेलिकची झोळीही करून पाहिली. ती पाणी धरतच नाही, पिळली की कोरडी. निंदणाला येणाऱ्या बायकांनी पाहिली आणि "मले बी एक करून दे ना वं ताई" सुरू झालं. दोरा त्यांनी आणला तर मजुरी घेत नाही, एवढंच ठरवलं.

तोवर माझं मत पक्कं होतं की अॅक्रेलिक घरात आणूच नये. पावसाळ्यात ते बदललं. आषाढात हवा दमट झाली आणि झोळीनं गार करणं सोडलंच, वर कुबट वास धरला. दारावर लावलेलं सुती तोरण शिंतोड्यांनी फुगलं, लाल रंग पांढऱ्यात उतरला, खालच्या झुरमुळ्यांवर बुरशीचे ठिपके पडले. शेजारीच संचातल्या त्या वितळणाऱ्या धाग्याचं तोरण होतं. ते भिजलं, वाळलं, रंग जसाच्या तसा. बादल्या आणि टाकी घासायला विणलेली घासणीही सुताची सडली आणि अॅक्रेलिकची टिकली. म्हणजे तो धागा वाईट नाही. त्यावर खरं लिहिलं असतं तर मी तो तोरणाला, मोबाइलच्या पाउचला, चष्म्याच्या घराला, फ्रिजच्या मुठीला आनंदानं वापरला असता. आग, तवा, गंज, आरतीचं ताट यांच्याजवळ मात्र तो नको. दिवाळीत पणत्या लावताना मी ते तोरण काढून ठेवलं.

सुती लाल, मरून आणि गर्द निळा यांची वस्तू पांढऱ्याबरोबर विणण्याआधी लडी वेगळी धुऊन घ्या, पाणी स्वच्छ येईपर्यंत. विणून झाल्यावर रंग उतरला तर काही करता येत नाही.

पैसे वाचवायचे असतील तर दोराच विकत घेऊ नका. सासूबाईंचं जुनं सुती पातळ होतं, काठ फाटलेलं. कडेला कात्रीनं चीर देऊन लांबीत फाडलं तर सूत सरळ फाटतं, कापावं लागत नाही. २ सेंटीमीटरच्या पट्ट्या काढल्या. साडेपाच मीटर लांब आणि १.१ मीटर पन्ह्याच्या पातळातून ५५ पट्ट्या निघतात, जोडल्या तर ३०० मीटर. टोकं गाठ न मारता एकमेकांत ओवून घ्यायची, गाठ पायाला टोचते. ८ मिलिमीटरच्या सुईनं मुक्या खांबांत न्हाणीपुढचं पायपुसणं विणलं. पाणी भरपूर शोषतं, उन्हात वाळतं आणि खर्च शून्य. सासूबाईंनी आधी "माह्या पातळाचं पायपुसणं काहून?" म्हणून तोंड फिरवलं होतं. त्यांना त्याच पट्ट्यांचं बसायचं आसन करून दिलं, आता देवघरापुढे तेच टाकतात. संचातली ती जाड सुई इथं चांगली कामाला आली.

भाचीला उत्तर दिलं आहे: हा संच घेऊ नको, ४ आणि ८ मिलिमीटरच्या दोन सुया सुट्या घे, धागा हातात घेऊन, एक टोक जाळून मगच घे, आणि दुकानदार जाळू देत नसेल तर तिथून घेऊ नको. बिल माग. मला स्वतःला अजून जवळपास जाड सुती दोरा नियमित ठेवणारं दुकान सापडलेलं नाही, यवतमाळच्या दुकानात तो संपला आहे आणि पुन्हा कधी येईल ते त्यांना सांगता येत नाही. हिंगणघाट, वणी, पांढरकवडा किंवा वर्ध्याकडे कुणाला १०० ग्रॅमच्या सुट्या लड्या मिळत असतील तर दुकानाचा ठिकाणा आणि भाव जरूर कळवा, उन्हाळ्याआधी बाटलीच्या झोळ्यांसाठी किलोभर घ्यायचं आहे.